देवहंस आणि त्याची ढोली

पाणकणीस (मुलुंड) | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

परवाच आसामहून परतले. बॅग अजून उघडलेली नाही, पण हे आधी लिहून काढायचंय.

नामेरी राष्ट्रीय उद्यानात गेले होते ती एकाच पक्ष्यासाठी. देवहंस. आसामचा राज्यपक्षी. असमियात स चा ह होतो, त्यामुळे तिथे ते 'देउहाँह' असं काहीसं म्हणतात. नावात हंस असला तरी हे बदकच आहे, जंगलातलं बदक. आपण मुंबईकर बदक म्हटलं की उघडं पाणी डोळ्यासमोर आणतो. ठाण्याची खाडी, भांडुपचं पंपिंग स्टेशन, पवईचा तलाव. हे बदक उघड्यावर बसतच नाही. दाट झाडीतली लहानशी डबकी, संथ ओढे, वर फांद्यांचं छत आणि खाली काळं पाणी, ही त्याची जागा.

गुवाहाटीहून तेजपूरमार्गे साधारण सव्वादोनशे किलोमीटर. जिया भोरोली नदी होडीने ओलांडायची आणि पलीकडच्या जंगलात पायी फिरायचं. बरोबर बंदूकधारी वनरक्षक असतो, कारण हत्ती कुठेही भेटू शकतात. जीप नाही, गोंगाट नाही.

पहिल्या दिवशी एका तळ्याकाठी दीड तास बसलो. काही नाही. दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की समोरचं पाणीही दिसेना, आणि त्या धुक्यात डोक्यावरून आवाज गेला. कसा सांगू? बदकाचा 'क्वॅक' नाही. लांब, घशातून ओढलेला, हुंदक्यासारखा, शेवटी नाकातून शीळ घातल्यासारखा. वनरक्षकदादांनी नुसतं बोट वर केलं. मला काही दिसलं नाही, पण अंगावर काटा आला तो बराच वेळ उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या सकाळी, आम्ही परत फिरलो होतो. पायवाट एका वळणावर पाण्याजवळून जाते, तिथून दोन पक्षी उठले. काळसर मोठं अंग, पांढुरकं डोकं आणि पंख उघडताच दिसणारा तो पांढरा पट्टा. पाच-सहा सेकंद. झाडांच्या मधून वाट काढत गेले, वर मोकळ्या आकाशात नाही. एवढा मोठा पक्षी इतक्या दाट झाडीतून इतका सहज कसा जातो, याचंच मला नवल वाटत राहिलं.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. त्या तळ्याकाठी एक प्रचंड झाड आडवं पडलं होतं, मुळांसकट. दादा म्हणाले, गेल्या पावसात पडलं. त्यात वर मोठी ढोली होती आणि त्यांना शंका होती की जोडी तिथेच घरटं करायची. मी विचारलं, आता कुठे करतील? त्यांनी आजूबाजूच्या झाडांकडे पाहिलं आणि म्हणाले, ही सगळी तरुण आहेत.

'ही सगळी तरुण आहेत.' विमानात, टॅक्सीत, घरी आल्यावर, हेच वाक्य डोक्यात आहे.

ज्यांना या पक्ष्याबद्दल माहिती आहे त्यांनी लिहा. आणि एक साधा प्रश्न: आपल्याकडे, मुंबईच्या आसपास, झाडाच्या ढोलीत घरटं करणारं बदक आहे का?

मुक्ता_दादर | रविवार, रात्री १०.०५

किती सुंदर लिहिलंयस गं. वाचनखूण साठवली. बदक झाडावर घरटं करतं हेच मला आज कळलं. मग पिल्लं खाली कशी येतात?

आगरवाट (वसई) | रविवार, रात्री १०.३१

ताई, हे बदक आमच्या वसईत आहे! आमच्या वाडीतल्या बावखलात (तळ्यात) शेजाऱ्यांची पाच-सहा आहेत. काळं अंग, पंखावर पांढरं, आकाराने मोठं. चोचीच्या मुळाशी लाल मांसल गाठी आहेत. रात्री झाडावरही बसतात. यालाच देवहंस म्हणत असतील तर ते इतकं दुर्मिळ कसं?

विहारकाठ | रविवार, रात्री ११.१०

आगरवाट, तुम्ही पाहिलंत ते मस्कोवी बदक. लाल गाठी ही त्याची खूण, देवहंसाला त्या नसतात. मस्कोवी मूळचं मेक्सिको ते दक्षिण अमेरिकेतलं, माणसाने पाळून जगभर नेलेलं. तुमची गल्लत होणं स्वाभाविक आहे, शास्त्रज्ञांनीही बराच काळ दोघांना एकाच गटात, म्हणजे 'कैरीना' या कुळनावाखाली, ठेवलं होतं. दोन्ही मोठी, दोन्ही जंगलातली, दोन्ही ढोलीत घरटं करणारी. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की साम्य वरवरचं आहे, आणि देवहंसाला 'असारकॉर्निस' हे स्वतंत्र नाव मिळालं. त्या नावाखाली तो एकटाच आहे, दुसरा भाऊबंद नाही.

देवहंसाची ओळख: डोकं आणि मानेचा वरचा भाग पांढुरका, त्यावर काळे ठिपके. चोच पिवळसर-नारिंगी, तीवरही काळे डाग. अंग गडद, चकाकीचं. पंखावर पांढरा भाग आणि त्याच्या मागे निळसर-करडा पट्टा. नर तीन ते पावणेचार किलोपर्यंत भरतो. आपली अडई (आपल्याकडचं छोटं बदक) जेमतेम अर्धा किलोची, म्हणजे सहा-सात अडया एका पारड्यात टाका.

पाणकणीस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, आहेत. अडई ढोलीत घरटं करते, कधी दुसऱ्या पक्ष्याचं जुनं घरटं वापरते, कधी पाणवनस्पतींत जमिनीवरही करते. काणूक, ते छोटंसं कापसासारखं बदक, ढोलीतच करतं. नकटाही ढोलीवाला. हळदी-कुंकू बदक मात्र जमिनीवर, गवतात. हिवाळ्यात येणारी थापट्या, तलवार, भुवई ही बदकं आपल्याकडे अंडी घालतच नाहीत, ती उत्तरेकडे जाऊन घालतात.

इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. भुवईला एक पाणथळ आवडली नाही तर ती पुढच्या तळ्यावर उतरते. देवहंस स्थलांतर करत नाही. त्याचं जंगल गेलं की त्याला दुसरा पत्ता नसतो.

मुक्ता, पिल्लं उडी मारतात. अंड्यातून बाहेर आल्यावर दिवसभरातच. मादी खाली उभी राहून बोलावते आणि ती कापसाच्या गोळ्यांसारखी एकामागून एक खाली पडतात. अंग हलकं, पिसं मऊ, खाली पालापाचोळा, त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. ढोलीत राहणाऱ्या बदकांची ही सर्वसाधारण रीत आहे.

मुक्ता_दादर | रविवार, रात्री ११.१८

खाली पालापाचोळ्याऐवजी काँक्रीट असेल तर?

विहारकाठ | सोमवार, सकाळी ६.५०

तोच तर प्रश्न आहे.

रात्री झोपण्याआधी एक गोष्ट आठवली ती लिहितो. या पक्ष्याचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. स्टुअर्ट बेकर नावाचा इंग्रज अधिकारी आसामात पोलिस खात्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने भारतातल्या बदकांवर लेखमाला लिहिली ती आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. १९०८ साली ती पुस्तकरूपाने आली. आसामच्या जंगलातल्या बदकांची इतकी बारीक हकिकत त्या काळी मुंबईत छापली जात होती आणि इथे वाचली जात होती. सोसायटी १८८३ ची, म्हणजे तेव्हा जेमतेम पंधरा-वीस वर्षांची.

त्याच काळातलं आणखी एक बदक: गुलाबी डोक्याचं. तेही झाडी आणि उंच गवत यांच्या मधल्या दलदलीत, लाजून राहणारं. शेवटची विश्वासार्ह नोंद १९३५ ची, बिहारात दरभंग्याकडची. त्यानंतर शोधमोहिमा कितीतरी झाल्या, पक्षी मिळाला नाही. मी तरुणपणी गुलाबी डोक्याच्या बदकाचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं, आपण पंचवीस-तीस वर्षं उशिरा जन्मलो. देवहंसाच्या बाबतीत पुढच्या पिढीला तसं वाटू नये.

दिगबोईकर (डोंबिवली) | सोमवार, रात्री ९.१५

या धाग्यावर लिहायला हात शिवशिवत होते, पण ऑफिसमधून लिहायचं नव्हतं. मी २००९ ते २०२१ आसामात होतो, तेलाच्या नोकरीत. दिगबोईला तेल शुद्धीकरण कारखाना १९०१ पासून आहे. गाव तेलाचं, पण गावाच्या कुंपणापासून जंगल सुरू होतं. दिहिंग पाटकाई.

हे जंगल आपल्या सह्याद्रीसारखं नाही. होलोंग नावाचं झाड आहे, आसामचा राज्यवृक्ष. सरळसोट, फांदी फुटते ती पार वर. त्याच्या खालच्या मजल्यावर नाहोर, म्हणजे आपला नागचाफा. जमिनीवर वेत आणि चिखल. त्यात मधेमधे पाणी साठलेल्या जागा, पावसाळ्यात ओढ्याला जोडलेल्या, हिवाळ्यात सुट्या. देवहंस त्या जागांमध्ये असतो. राज्यपक्ष्याचं घर राज्यवृक्षाच्या सावलीत.

बारा वर्षांत मी हा पक्षी चार वेळा पाहिला. फक्त चार. ऐकला मात्र पुष्कळदा. त्याची वेळ ठरलेली: पहाटे उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी दिवे लागणीला, एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जाताना. दिवसा सावलीत निपचित. खातो काय, तर पाणवनस्पती, गोगलगाई, किडे, लहान मासे. फांदीवर बसलेला असला तर तुम्ही खालून गेलात तरी कळत नाही.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्याबरोबर खात्यातला एक स्थानिक सहकारी होता. मी विचारलं, हा काय प्राणी? तो म्हणाला, देउ. मी म्हटलं, देव? तो म्हणाला, तुमच्या देवळातला नव्हे. जंगलातला.

आता दुःखाचं. २७ मे २०२० ला बागजानला गॅसची विहीर फुटली आणि ९ जूनला तिला आग लागली. आग विझवायला गेलेल्या दोन जणांचा मृत्यू झाला. विहीर पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. बागजान कुठे आहे? दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर, मागुरी-मोटापुंग बीलाच्या काठाला. बील म्हणजे आपल्याकडचं नैसर्गिक तळं. गवतावर, पानांवर, पाण्यावर तेलकट थर बसला होता. मी तिथे गेलो होतो, ते पाणी हाताला चिकटत होतं. माझ्या आयुष्याची भाकरी तेलावर भाजलेली आहे, म्हणून हे लिहिताना मला जड जातं. पण ते मी पाहिलं आहे आणि लपवणार नाही.

तरीसुद्धा, आग सगळ्यांना दिसते. टीव्हीवर येते. देवहंसाला त्याहून जास्त मारलं ते न दिसणाऱ्या गोष्टींनी. जंगलात कोणी तळं बुजवून भातखाचर केलं. कोणी वाळलेलं झाड 'तसंही मेलंय' म्हणून सरपणाला नेलं. कोणी ओढ्यावर बांध घातला आणि खालचं पाणी आटलं. कधी कोणाला अंडी सापडली, कधी पिल्लं. यातल्या एकाही माणसाला मी दोष देऊ शकत नाही, थंडीत चूल पेटवायची असते. पण शंभर वर्षं ज्या झाडाने ढोली तयार केली ते एका हिवाळ्यात जळतं.

दिहिंग पाटकाईचा काही भाग २०२१ साली राष्ट्रीय उद्यान झाला. त्याच्या आधीच्या वर्षी कोळशावरून तिथे तरुण मुलांनी मोठं आंदोलन केलं होतं. घोषणा झाली त्या दिवशी गावात मिठाई वाटली ती मी खाल्ली आहे. अजूनही उद्यानाच्या बाहेर राहिलेले जंगलाचे तुकडे बरेच आहेत.

प्रकाशरेषा | सोमवार, रात्री १०.४०

पाणकणीस ताई, दिगबोईकर सर, दोघांचेही आभार. मी वन्यजीव छायाचित्रण करतो. पुढच्या महिन्यात नामेरीचा बेत आहे. ते तळं नेमकं कुठे, पायवाटेवरून किती आत, कुठल्या बाजूला बसलात, हे सांगाल का? आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवलं तर पक्षी जवळ येतो का? माझ्याकडे चांगली लेन्स आहे, देवहंसाचे नीट फोटो फार कमी आहेत.

दिगबोईकर (डोंबिवली) | सोमवार, रात्री ११.०२

जागा सांगू नका, ताई. विनंती समजा.

प्रकाशरेषा, रागावू नका. मी हे होताना पाहिलं आहे. एका तळ्याची जागा कळली की पुढच्या हंगामात त्या काठावर दहा माणसं बसतात. पक्षी ते पाणी सोडतो. जवळ दुसरं पाणी असेल तर ठीक, नसेल तर विणीचं एक वर्ष फुकट. रेकॉर्डिंग तर अजिबात वाजवू नका. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं वाटून पक्षी बिथरतो.

प्रकाशरेषा | सोमवार, रात्री ११.२०

रागावलो नाही. पण माझी बाजू ऐका. ज्या पक्ष्याचा चेहरा लोकांना माहीत नाही त्याच्यासाठी कोणी निधी देत नाही. वाघाला चेहरा आहे. फ्लेमिंगोला चेहरा आहे, म्हणून ठाण्याच्या खाडीला २०१५ साली अभयारण्य मिळालं आणि २०२२ साली रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा. देवहंसाचा फोटो शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे. तो कोण काढणार?

विहारकाठ | मंगळवार, सकाळी ७.०५

प्रकाशरेषाचा मुद्दा मला पटतो, पद्धत पटत नाही. असे पक्षी टिपायला कॅमेरा ट्रॅप आहेत, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. कंबोडियाच्या जंगलांमध्ये देवहंसाचे चांगले फोटो कॅमेरा ट्रॅपनेच मिळाले आहेत. वन खात्याची परवानगी घेऊन, अभ्यास करणाऱ्यांबरोबर जाऊन काम करा. तुमची लेन्स तिथेही लागेल, पक्ष्यापेक्षा त्याच्या झाडांवर लावा. पंधरा मीटरवरची ढोली खालून नीट टिपणं हे सोपं काम नाही, आणि त्या फोटोंचा उपयोग मोजणीला होतो.

जगभरात हा पक्षी हजाराच्या आत उरला असावा, असाच अंदाज वर्षानुवर्षं मांडला जातो. भारत, म्यानमार, कंबोडिया, सुमात्रा अशा तुकड्यातुकड्यांत. जावामधून तो नाहीसा झाला. आपल्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत.

प्रकाशरेषा | मंगळवार, सकाळी ८.३०

ठीक. रेकॉर्डिंग वाजवणार नाही. जागाही विचारणार नाही. काका, झाडांच्या फोटोंबद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

देवगडची_लेक | मंगळवार, दुपारी १.१५

दिगबोईकरांनी लिहिलंय ना, 'देवळातला नव्हे, जंगलातला', ते वाचून मी जेवण तसंच ठेवून लिहायला बसले. आमच्याकडे, कोकणात, देवचार असतो. देवळात नसतो, गावाच्या सीमेवर, मोठ्या झाडाखाली, पाणंदीच्या टोकाला. गावाचा राखणदार. माझी आजी संध्याकाळी एका विशिष्ट वडाजवळून जाताना पायातल्या चपला हातात घ्यायची आणि बोलायची नाही. आसामातला 'देउ' आणि आमचा देवचार एकमेकांच्या नात्यातले वाटले मला.

आणि त्या भीतीने झाडं राखली. देवराईतलं झाड तोडायचं नाही, वाळलेलं लाकूडही उचलायचं नाही, पडलं तर तिथेच कुजू द्यायचं. लहानपणी मला वाटायचं केवढा अपव्यय. आता कळतं की आमच्याकडचा ककणेर, म्हणजे धनेश, ज्या ढोलींत घरटी करतो त्यातल्या कितीतरी देवरायांमधल्याच झाडांत आहेत. बाकी रान आंबा-काजूच्या कलमांखाली गेलं. कलमांना कुठली ढोली?

शाळेतली_बाई (घाटकोपर) | मंगळवार, सायंकाळी ५.५०

मी सहावीला शिकवते. आज हा धागा वर्गात वाचून दाखवला (नावं गाळून). पिल्लांच्या उडीला टाळ्या पडल्या. मग एका मुलीने विचारलं, बाई, आपण लाकडाची पेटी करून झाडाला बांधली तर बदक येईल का? मला उत्तर माहीत नव्हतं. सांगाल का कोणी?

झाडवाला_बोरिवली | मंगळवार, रात्री ९.००

बाई, त्या मुलीला सांगा की तिने विचारलेली युक्ती अमेरिकेत खरंच यशस्वी झाली आहे. तिथे 'वूड डक' नावाचं बदक आहे, तेही जंगलातल्या पाण्यावरचं आणि ढोलीतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकार आणि जंगलतोड यांनी ते संपत आलं होतं. १९१८ च्या कायद्याने शिकार थांबवली, आणि १९३० च्या दशकापासून लोकांनी हजारो पेट्या बांधल्या. आज ते तिथे भरपूर आहे.

पण वूड डक लहान आहे, उघड्या तळ्याकाठीही जगतं. तीन किलोच्या पक्ष्याला पेटी केवढी लागेल, बघा. आणि पेटी लावली तरी सावलीतलं संथ पाणी पेटीत भरता येत नाही. घाटकोपरला पेट्या लावायच्याच असतील तर दयाळ आणि साळुंकीसाठी लावा, ती येतील.

आता ढोलीबद्दल, कारण माझं आयुष्य झाडांवर चढण्यात गेलं.

ढोली म्हणजे झाडाच्या आत चाललेलं फार हळू काम. वादळात मोठी फांदी मोडते. जखम भरून यायला झाडाला वेळ लागतो आणि तेवढ्यात बुरशी आत शिरते. ती गाभा खाते. गाभा म्हणजे मधलं मेलेलं लाकूड. झाडाचं पाणी वाहतं ते बाहेरच्या कड्यातून, त्यामुळे गाभा गेला तरी झाड हिरवंगार राहतं. त्यात वाळवी, मुंग्या, पावसाचं पाणी. सुतार पक्षी आणि तांबट वाळक्या फांदीत आपली भोकं कोरतात, पण ती साळुंकी किंवा पोपटाच्या मापाची. देवहंसाच्या मापाची ढोली व्हायला खोड आधी तेवढं जाड व्हावं लागतं आणि मग आतून कुजावं लागतं. यात कित्येक दशकं जातात. वनरक्षक 'तरुण आहेत' म्हणाले ते म्हणूनच. लावलेल्या रोपाला ढोली यायला लावणाऱ्याचा नातूही पुरत नाही.

आणि पोकळ झाड म्हणजे धोकादायक झाड, हा समज मुंबईत इतका घट्ट आहे की मला दर एप्रिल-मेमध्ये त्याच्याशी भांडावं लागतं. पोकळ नळी भरीव दांड्याइतकीच उभी राहू शकते, बाहेरचं कडं पुरेसं जाड आणि अखंड असलं तर. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, कडं किती आहे मोजायचं, वरचा भार हलका करायचा. वाऱ्याला अडणारा विस्तार कमी केला की खोडावरचा ताण उतरतो. खोड ठेवता येतं. दरवेळी नाही, पण पुष्कळदा.

दिगबोईकर (डोंबिवली) | मंगळवार, रात्री ९.२५

हा प्रतिसाद आसामीत भाषांतर करून तिकडच्या मित्रांना पाठवतोय. परवानगी आहे ना?

झाडवाला_बोरिवली | मंगळवार, रात्री ९.२७

विचारायचं काय त्यात. पाठवा.

पाणकणीस (मुलुंड) | शुक्रवार, रात्री ८.१०

धागा वर काढतेय.

झाडवालांचा प्रतिसाद मंगळवारी वाचला आणि बुधवारी सकाळी खाली उतरले तेव्हा पहिल्यांदाच आमच्या सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाकडे नीट पाहिलं. सोळा वर्षं त्याच्याखाली गाडी लावतेय. मुंबईतल्या बऱ्याच पर्जन्यवृक्षांना मिलीबग (रस शोषणारी कीड) लागला तसा यालाही लागला होता, अर्धा वाळला आहे. गेल्या महिन्यातच सभेत ठराव झाला: पावसाळ्याआधी तोडायचं, परवानगीचा अर्ज करायचा. मीही हात वर केला होता. पार्किंगमध्ये फांदी पडली तर कोणाच्या डोक्यात पडेल, एवढाच विचार केला होता.

जमिनीपासून साधारण चार मीटरवर, जिथे जुनी फांदी कापली होती तिथे, मोठी ढोली आहे. मी कालपासून सकाळ-संध्याकाळ गॅलरीत बसते. काल दिवे लागणीला तिच्या तोंडाशी पिंगळा येऊन बसला. नंतर दुसरा. एक आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

इथे देवहंस येणार नाही, अडईही येणार नाही, मला माहीत आहे. पण त्या आडव्या पडलेल्या झाडाजवळ उभी राहून मी हळहळले आणि इथे उभं असलेलं झाड पाडायला हात वर केला, हे मला सहन होत नाहीये.

आज अध्यक्षकाकांकडे गेले. मला वाटलं होतं वाद होईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, पिंगळा आहे हे माहीत नव्हतं. पण माझ्यावर एकशे चाळीस माणसांची जबाबदारी आहे, उद्या काही झालं तर तू येशील का उत्तर द्यायला? प्रश्न रास्त आहे. शेवटी असं ठरलं की अर्ज पंधरा दिवस थांबवायचा आणि जाणकार माणसाकडून झाड तपासून घ्यायचं. तो जे सांगेल ते समितीपुढे ठेवायचं.

विहारकाठ काका, पिंगळ्याची अंडी-पिल्लं साधारण कधीपर्यंत असतात?

झाडवाला, तुमची ओळख नाही, भेट नाही, तरी विचारते. याल का?

विहारकाठ | शुक्रवार, रात्री ८.४०

पिंगळ्याची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे आत्ता ढोलीत अंडी किंवा पिल्लं असण्याची दाट शक्यता आहे. एप्रिल संपेपर्यंत त्या खोडाला कोणी हात लावता कामा नये, हे समितीला लेखी द्या. हवं तर मी पत्र लिहून देतो.

झाडवाला_बोरिवली | शुक्रवार, रात्री ९.०५

येतो. रविवारी सकाळी साडेसहाला, उन्हाच्या आधी. पत्ता व्यनि करा. हातोडी आणि दोर माझ्याकडे आहे. मी वर चढणार नाही, पिंगळा बिथरेल. खालून ठोकून आणि दुर्बिणीने जेवढं कळेल तेवढं बघू. आधीच सांगून ठेवतो, कडं पातळ निघालं तर मी तोडा म्हणूनच सांगेन. तेव्हा माझ्यावर रागावू नका.

पाणकणीस (मुलुंड) | शुक्रवार, रात्री ९.१२

नाही रागावणार. अध्यक्षकाकांनाही खाली बोलावते. झाडाखालच्या गाड्या शनिवारी रात्रीच हलवून ठेवते.

शाळेतली_बाई (घाटकोपर) | शुक्रवार, रात्री ९.३०

मी त्या पेटीवाल्या मुलीला घेऊन आले तर चालेल का? तिच्या आईला विचारून.

पाणकणीस (मुलुंड) | शुक्रवार, रात्री ९.३३

या. चहा माझ्याकडे. फक्त ढोलीखाली उभं राहून बोलायचं नाही, हे तिला आधीच सांगा.